एका राफ्टला चारशे गाठी: पडन्ना ते मंडपम, दहा दिवसांचं ट्रेनिंग

दिवस पहिला: कुडाळ स्टेशन

आईला सांगितलं की दहा दिवस शिनाण्यांची (खडपाला चिकटून वाढणारे हिरव्या कडांचे शिंपले) आणि समुद्री शेवाळाची शेती शिकायला केरळ-तामिळनाडूत चाललेय, तर ती म्हणाली, "शेवाळ शिकूक जातंस? मगे आमची न्हाणी बघ, थय व्हया तितक्या आसा." झालं, गाडीत बसेपर्यंत हाच जोक घरातला प्रत्येक जण मारत होता.

आम्ही पाच जण. मी, माझी चुलत काकी, बचत गटातल्या आणखी दोघी, आणि नुकताच फिशरीज कॉलेजमधून पास झालेला एक मुलगा ज्याला आम्ही सगळ्या 'सर' म्हणतो. वय चोवीस, पण भाषांचा सगळा भार त्याच्यावर, कारण त्याला इंग्लिश येतं आणि आम्हाला मालवणी. काकी आयुष्यात गोव्याच्या पुढे गेलेली नाही. तिने पिशवीत काय काय भरलं होतं ते कारवार आल्यावर कळलं, अर्धी पिशवी सुकट आणि अर्धी तांदळाची भाकरी, "थयचा जेवान मानवला नाय तर?"

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. आमच्याकडे खाडीत ओहोटीला बायका कालवं काढतात, पिढ्यानपिढ्या. कमरेएवढ्या पाण्यात वाकून, खडपावरून फोडून. हल्ली काही वर्षं बचत गटांनी कालवांची शेतीही सुरू केलीय, म्हणजे रिकाम्या शिंपल्यांना भोकं पाडायची, दोरीत ओवायच्या आणि बांबूच्या मांडवाला पाण्यात टांगायच्या, मग पाण्यात तरंगणारी कालवांची पिल्लं स्वतःच येऊन त्यावर चिकटतात. बी विकत आणायला लागत नाही. त्यामुळे 'शेती शिकायला एवढं लांब कशाला' हा प्रश्न गटात पहिल्या मीटिंगपासून होता आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात होता.

दिवस दुसरा: पय्यन्नूर, पडन्ना

पहाटे पय्यन्नूरला उतरलो. जानेवारीचा शेवट असूनही घाम. रिक्षाने खाडीपर्यंत, आणि खाडी बघून पाचही जण गप्प, कारण ती आमचीच खाडी होती. तेच माड, तेच गढूळ हिरवं पाणी, तीच कांदळवनं, फक्त पाट्या मल्याळममध्ये. कव्वायी म्हणतात तिला, समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये लांबच लांब वाळूचा पट्टा आहे, त्यामुळे आत पाणी संथ. आमच्या खाडीला असलं संरक्षण नाही हे सरने तिथेच वहीत लिहिलं.

पाण्यात नजर जाईल तिथे खांब रोवलेले. सुपारीचे, बांबूचे, त्यावर आडवे बांबू आणि त्याला लटकलेल्या दोऱ्या, वरून बघितलं तर कपडे वाळत घालायचे दांडे वाटतात. प्रत्येक दोरीला पाण्याखाली शिनाणे. इकडे त्याला कल्लुम्मक्काय म्हणतात, कुणी कडुक्का म्हणतात. १९९६-९७ च्या सुमारास कोचीच्या सीएमएफआरआयने, म्हणजे समुद्री मासळीवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, इथे चेरुवत्तूर-पडन्नाच्या बायकांच्या गटांबरोबर ही शेती बसवली आणि मग ती गावोगाव पसरली. म्हणजे जे आम्ही आता करू बघतोय ते इथल्या बायकांनी तीस वर्षांपूर्वी कर्ज काढून केलं.

आम्ही ज्यांच्याकडे शिकणार त्या बाई पन्नाशीच्या. सगळे त्यांना इत्ता म्हणत होते, म्हणजे ताई, मग आम्हीही इत्ताच म्हणायला लागलो. त्यांना मल्याळम सोडून काही येत नाही आणि त्यांनी आम्हाला काही येतं की नाही याची चौकशीसुद्धा केली नाही. आल्या आल्या हातात चहा आणि चहा संपायच्या आत मांडीवर दोरी.

पण पहिल्या दिवशी दोरीला हात लावू दिला नाही. नुसतं बघायचं. होडीतून मांडवामांडवात फिरवलं, एक दोरी उचलून दाखवली. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नखाएवढं बी लावलेलं, आता बोटाएवढं झालेलं, हिरव्या कडा, चकचकीत. एप्रिल-मेमध्ये काढणी. पाऊस यायच्या आत सगळं बाहेर काढायचं म्हणजे काढायचं, कारण जूनमध्ये नद्यांचं गोडं पाणी खाडीत भरतं, खारटपणा उतरतो आणि शिनाणे तोंड उघडून मरतात. काकी म्हणाली, "आमच्याकडे तसाच होतला." होणारच, तोच पाऊस आहे.

रात्री जेवणात अरिकडुक्का. शिनाण्याच्या शिंपल्यात तांदळाचं वाटण (नारळ, बडीशेप, कांदा) ठासून भरतात, वाफवतात, शिंपला काढतात, मग मसाला लावून तळतात. काकीने चार खाल्ले आणि पिशवीतली सुकट परत कधी निघाली नाही.

दिवस तिसरा: दोरी भरणे

आज खरं काम. दोन-तीन मांडवांवर काही दोऱ्यांचं बी सुटून खाली पडलं होतं, त्या दोऱ्या परत भरायच्या होत्या, आमचं नशीब म्हणायचं नाहीतर जानेवारीअखेर बी लावायचं काम बघायला मिळालं नसतं.

पद्धत सांगते कारण युट्यूबवर बघून मला वाटलं होतं की सोपंय. अंगठ्याएवढी जाड नायलॉनची दोरी, तिला मध्ये मध्ये गाठी मारलेल्या, म्हणजे वजन वाढल्यावर शिनाणे घसरू नयेत. जमिनीवर मच्छरदाणीच्या सुती कापडाची वीतभर रुंद पट्टी पसरायची. त्यावर धुतलेलं बी सारखं पसरायचं, मध्ये दोरी ठेवायची, आणि पट्टी दोरीभोवती गुंडाळून दाभणाने शिवून टाकायची. झाली एक लांबलचक सॉसेजसारखी वळकटी. ही पाण्यात टांगली की आतले शिनाणे दाढीसारखे तंतू सोडतात आणि दोरीला धरतात. तोपर्यंत सुती कापड कुजून गळून पडतं. सगळी गंमत त्या कुजण्यात आहे. नायलॉनची मच्छरदाणी वापरली तर कापड कुजणार नाही आणि आतला जीव गुदमरेल. फार लवकर कुजलं तर धरायच्या आधीच बी खाली.

मी पहिली दोरी भरली. मला वाटलं भरपूर बी टाकलं म्हणजे भरपूर पीक. इत्ताने वळकटी हातात धरून वजन बघितलं, मान हलवली, टाके उसवले आणि अर्धं बी परत टोपलीत ओतलं. "मदि." म्हणजे पुरे. दुसऱ्या दोरीला मी घाबरून कमी टाकलं, तर मध्ये मोकळ्या जागा राहिल्या, परत उसवली. तिसरीला त्यांनी माझा हात धरला आणि बोटांनी बी पसरवलं, एका शिनाण्याला दुसरा जेमतेम टेकेल इतपत. मीटरभर दोरीला किलोच्या आतबाहेर. वजनकाटा घरात होता पण त्यांनी एकदाही वापरला नाही.

काकीची पहिलीच दोरी पास. कारण दाभण. आयुष्यभर गोणपाट आणि जाळी शिवलेली बाई, तिचे टाके बघून इत्ताच्या सुनेने फोटो काढला. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि त्यांचं सगळं नीट चाललं होतं. सरला भाषांतर करायला बोलावलं तर दोघींनी हात हलवून घालवलं.

संध्याकाळी आमच्या दोऱ्या आमच्याच हाताने मांडवाला बांधल्या. खालचं टोक चिखलाला लागता कामा नये, लागलं की खेकडे वर चढतात आणि गाळात शिनाणे मरतात. दोन दोऱ्यांमध्ये हातभर अंतर. माझी दोरी ओळखू यावी म्हणून जुन्या ओढणीची लाल चिंधी बांधली. काकीने निळी.

रात्री सरचा क्लास: शिनाणे पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यात जी घाण ती त्यांच्या पोटात, म्हणून विकायच्या आधी दिवसभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवून पोट साफ करायला हवं. आमच्याकडे किती जण करतात? मी तरी आजवर कालवं काढून सरळ टोपलीत आणि टोपली बाजारात हेच बघितलंय. आणि बी. बी हाच सगळ्यात मोठा डोकेदुखीचा विषय. शिनाण्यांचं बी खडपावरून खरवडून आणावं लागतं, ते एका वर्षी मिळतं एका वर्षी नाही, मिळालं तर भाव चढलेला, आणि सगळं खरवडलं तर पुढच्या वर्षी खडपावरच काही नाही. फोनवर आईला हे सांगितलं तर पलीकडे दोन सेकंद शांतता, मग, "बी इकत घेवचा लागता?" तिच्या दृष्टीने समुद्रातली वस्तू विकत घेऊन परत समुद्रात टाकणं हा शुद्ध वेडेपणा.

दिवस चौथा

प्रवास. पालक्काडला गाडी बदलली, मदुराईला बस, रात्री उशिरा मंडपम. काकी बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपली आणि माझा हात बधिर. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

दिवस पाचवा: मंडपम, फळ्यावरचं शेवाळ

मंडपम म्हणजे भारताचं टोक जिथे रामेश्वरच्या दिशेने निमुळतं होत जातं तिथलं शेवटचं गाव. एका बाजूला पाल्कची सामुद्रधुनी, दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात. दहा-पंधरा मिनिटं चाललं की समुद्र बदलतो. इंग्रजांच्या काळात सिलोनच्या चहामळ्यात जाणाऱ्या मजुरांना तपासणीसाठी इथल्या कॅम्पात ठेवायचे, म्हणून नाव मंडपम कॅम्प. सीएमएफआरआयचं मुख्यालय सुरुवातीची बरीच वर्षं इथेच होतं, कोचीला गेलं नंतर.

सकाळी उठून मी पहिलं काय केलं तर ओहोटी बघायला गेले. सवय. आमच्याकडे कुठलंही काम ओहोटीच्या वेळेवर ठरतं, उधाण आहे की भांग (भरती-ओहोटी कमी असण्याचे दिवस) हे बघितल्याशिवाय कोणी खाडीत पाय घालत नाही. इथे तासभर बसले, पाणी आहे तिथेच. विचारलं तर कळलं की पाल्कच्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम हात-दीड हात. म्हणजे दिवसभर कमरेएवढं पाणी, कधीही उतरा. काकीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना, "मगे ह्यांका कामाक सुट्टी कधी?"

दुपारी क्लास. फळ्यावर हिशेब मांडला तो वहीतून उतरवते. राफ्ट म्हणजे बारा बाय बारा फुटांची बांबूची चौकट, चार कोपऱ्यांना तिरके बांबू. त्यावर वीस दोऱ्या ताणायच्या. प्रत्येक दोरीला वीस ठिकाणी शेवाळाचे तुकडे, एकेक तुकडा दीडशे ग्रॅमचा. म्हणजे एका राफ्टला चारशे गाठी आणि साठ किलो बी. पंचेचाळीस दिवसांनी काढलं तर अडीचशे किलोच्या आसपास ओला माल. त्यातलं साठ किलो परत बी म्हणून कापून लावायचं, उरलेलं वाळवायचं, आणि वाळल्यावर वजन राहतं साधारण दहावा हिस्सा. साधारण दोनशेचे वीस किलो. इथे बचत गटातल्या दोघींचा चेहरा पडला. पण मग पुढचं गणित: एका माणसाकडे पंचेचाळीस राफ्ट. रोज एक काढायचा, रोज एक लावायचा. पंचेचाळीसाव्या दिवशी पहिला परत तयार. बँकेच्या पिग्मीसारखं रोज थोडं.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत एका राफ्टचा खर्च १५०० रुपये धरलाय, महिलांना त्यावर ६० टक्के अनुदान. याच जिल्ह्यात वलमावूरला सीवीड पार्क मंजूर झालाय १२७ कोटींचा.

शेवाळाचं नाव कप्पाफायकस. मूळचं फिलिपिन्सचं. ऐंशीच्या दशकात भावनगरच्या सीएसएमसीआरआय या मीठ आणि समुद्री रसायनांवरच्या सरकारी संशोधन संस्थेने भारतात आणलं, २००० नंतर इथे मंडपमला पेप्सीने व्यापारी शेती सुरू करून दिली. कशाला लागतं? त्यातून कॅराजीनन निघतं, आइस्क्रीम आणि टूथपेस्ट घट्ट राहते ती त्याच्यामुळे. आणि ओलं शेवाळ पिळून जो रस निघतो तो झाडांचं टॉनिक. आमच्याकडे हापूसच्या मोहरावर आणि नाशिकला द्राक्षावर 'सीवीड' म्हणून जे मारतात त्यातला काही माल या जातकुळीचाच. मोहरावर मारताना बाटलीवर नाव कितीदा वाचलंय आणि ते कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून हाताने बांधलेलं असतं हे कधी डोक्यात आलं नाही.

मी हात वर करून विचारलं की बाहेरून आणलेलं आहे तर इथल्या समुद्राला त्रास नाही का. सरळ उत्तर मिळालं हे विशेष. त्रास झालाय. मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ हे शेवाळ प्रवाळावर चढून बसलेलं आढळलं, २००८ साली त्यावर शोधनिबंधही आला. मन्नारच्या बाजूला २१ बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे ही शेती नको, म्हणून राफ्ट मुख्यतः पाल्कच्या बाजूला. मालवणला आमच्याकडेही सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळही आहे. सरने वहीत याच्याखाली दोन रेघा मारल्या.

दिवस सहावा: गाठी

किनाऱ्यावर माडाच्या झावळ्यांचं छप्पर, खाली ताडपत्री, त्यावर ओल्या शेवाळाचा ढीग. तपकिरी-हिरवं, हाताला थंड, लवचिक, मोडलं की काकडीसारखा कट्ट आवाज. तो आवाज ताजेपणाची खूण. नुसतंच वाकलं आणि मोडलं नाही तर ते बी बाजूला टाकायचं.

शिकवणाऱ्या अक्का पस्तिशीतल्या, साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, डोक्याला टॉवेल. दोरीला आधीच बारीक सुतळीचे फास बसवलेले असतात. फासात तुकडा घालायचा, एक पीळ, ओढायचं. पाच सेकंदाचं काम. फार आवळलं तर फास शेवाळात रुततो आणि तिथून तुकडा तुटतो. सैल राहिलं तर लाटेबरोबर गेलं. "इरुक्कि कट्टु" म्हणजे घट्ट बांध, हे मी दिवसभरात शंभर वेळा ऐकलं, आणि मध्येच घट्ट बांधलं की त्याच अक्का हातावर चापट मारून सोडायला लावायच्या. किती घट्ट हे कोणी आकड्यात सांगू शकत नाही. सरने विचारून बघितलं. अक्कांनी त्याची करंगळी धरून तिच्याभोवती फास आवळला, "इतकं." तो 'आई' म्हणाला नाही, पण तोंड केलं. ते माप. मग मी प्रत्येक गाठ स्वतःच्या करंगळीवर आठवून मारायला लागले आणि कशीबशी गाडी रुळावर आली.

दुपारपर्यंत माझ्या सात दोऱ्या. म्हणजे एकशे चाळीस गाठी. अक्कांचा राफ्ट पूर्ण होऊन त्या चहा पिऊन आल्या होत्या.

तुकडा कापताना कोवळी टोकं निवडायची. बुंधा नाही, बुंधा म्हातारा. इथे बी म्हणजे झाडाचाच तुकडा, उसासारखं. ना फूल ना दाणा. तमिळमध्ये त्यालाही विदै म्हणतात, बीच. ऐकायला सोपं वाटतं की आपलंच कापायचं आपलंच लावायचं, पण सगळं एकाच झाडाचं पोर-नातवंड असल्यामुळे रोग आला की सगळ्यांना एकदम. पाणी तापलं की फांद्या पांढऱ्या पडतात आणि गळतात, त्याला 'आइस-आइस' म्हणतात. २०१३ च्या आसपास इथे असंच झालं, माल मेला आणि बरेच जण शेती सोडून गेले. अक्कांकडे तेव्हा एक वाटीभर बीसुद्धा उरलं नव्हतं असं त्या म्हणाल्या. ईशान्य मान्सूननंतर म्हणजे आता जानेवारी-फेब्रुवारीत दरवर्षीच बियाणं कमी पडतं, वादळात राफ्ट मोडलेले असतात, मग शेजाऱ्याकडून उसनं. आज आम्ही बांधलेलं निम्मं बी उसनं होतं. ते कळल्यावर मी ढिगातून पडलेले तुकडेही वेचायला लागले.

दिवस सातवा: पाण्यात

चौघांनी राफ्ट उचलून पाण्यात नेला. खाली जाळं बांधलेलं असतं, कारण ससामासा नावाचे मासे कोवळी टोकं कुरतडतात, आणि तुटलेलं शेवाळ जाळ्यात राहिलं तर वाया जात नाही. दहा-दहा राफ्ट एकमेकांना बांधून नांगर टाकायचा. पाणी छातीपर्यंत. काकीने साडीचा कासोटा घातला आणि अशी उतरली जणू रोज इथेच उतरते.

मला जेलीफिश लागला. पायाच्या पोटरीवर, चाबूक मारल्यासारखं. ओरडले जोरात. अक्कांनी बघितलं, समुद्राच्या पाण्यानेच धुतलं, "सरि, सरि" म्हणाल्या आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. म्हटलं ठीक आहे.

माझ्या सात दोऱ्यांपैकी दोन दोऱ्यांची बरीच शेवाळं संध्याकाळपर्यंत निसटली. मी पाण्यात उभी राहून मोजली, चाळीसपैकी एकोणीस गेली. तरंगत किनाऱ्याला लागलेली गोळा करून परत बांधली, अंधार पडेपर्यंत. रागवलं कोणी नाही. तेच जास्त लागलं, कारण बी उसनं होतं.

दिवस आठवा: पांबन

रविवार, सुट्टी. पांबनचा पूल बघितला. जुना १९१४ चा गंजलेला शेजारीच उभा, आणि एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला नवा, ज्याचा मधला तुकडा लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो. आमच्या बघण्यात तो उचलला गेला नाही, काकी तासभर उन्हात थांबली होती त्यासाठी, अजून बोलते.

मग चिन्नपालमला गेलो. इथल्या बायका शेती करत नाहीत, बेटांजवळ बुडी मारून रानटी शेवाळ काढतात. डोळ्याला गॉगल, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, पायाला पत्र्याच्या नाहीतर रबरी तळव्यासारख्या चकत्या, श्वास धरून खाली. या गावच्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये सीकॉलॉजी प्राइझ मिळालं, बेटांचं पर्यावरण जपणाऱ्यांना देतात ते. बायकांनी आपणहून ठरवलं होतं की महिन्यातले ठरावीकच दिवस काढायचं, बाकी दिवस समुद्राला वाढू द्यायचं. त्या काढतात त्यातल्या एका शेवाळाचं नाव मरिकोळुंदु. तमिळमध्ये हेच नाव दवण्याचंही. काकीला सांगितलं तर तिने हातात घेऊन वास घेतला, "दवणो? ह्येका तर मासळेचो वास." यातूनच अगर निघतं, आपला चायना ग्रास, ज्याच्या उन्हाळ्यात वड्या करतात.

एका म्हाताऱ्या आजींच्या बोटांची नखं बघितली, अर्धी झिजलेली. आईची तशीच आहेत, कालवांनी. त्यांना फोनमध्ये आईचा खाडीतला फोटो दाखवला. त्यांनी झूम करायला लावलं, चेहऱ्यावर नाही, हातातल्या हत्यारावर. बराच वेळ बघून आत गेल्या आणि स्वतःचं आणून दाखवलं. आमचं जरा लांब आहे एवढाच फरक.

राष्ट्रीय उद्यान झाल्यापासून बेटांजवळ गेलं की वनखात्याची भीती, हे इथल्या सगळ्याच बायका बोलून दाखवतात. शेती करणाऱ्यांना राफ्टला परवानगी, बुडी मारणाऱ्यांना दंड. आमच्याकडे खाडीत मांडव घालायचा तर कुणाला विचारायचं? सरने तीन ऑफिसांची नावं घेतली आणि तिन्ही ऑफिसं दुसऱ्याकडे बोट दाखवतात म्हणाला. पाणी कोणाचं हे ट्रेनिंगच्या फोल्डरमध्ये कुठेच नाही, मी सगळी पानं उलटून बघितली.

दिवस नववा: वाळवण आणि सर्टिफिकेट

वाळवायचं कसं हे शिकवायची पाळी आली आणि काकीचा दिवस उजाडला. वाळूवर टाकायचं नाही, वाळू लागली की व्यापारी भाव पाडतो, म्हणून बांबूच्या मचाणावर जाळं टाकून त्यावर. दोन-तीन दिवस ऊन. फार कडकडीतही करायचं नाही. अक्का इंग्लिश-तमिळ मिसळून मॉइश्चर समजावत होत्या, तोवर काकीने ढिगात हात खुपसला, मूठ दाबली, सोडली, म्हणाली आज नाय, उद्या दुपारी. अक्कांनीही मूठ दाबली आणि मान डोलावली. सुकट वाळवणारीला हे कोणी शिकवायचं? वाळलेल्यावर मिठाचा पांढरा थर येतो, तो झटकायचा. काकीने जिभेवर ठेवून बघितला पण.

दुपारी लेखी परीक्षा. हो, लेखी, इंग्लिशमध्ये, टिक करायची. बचत गटातल्या दोघींनी सगळ्या प्रश्नांना 'B' वर टिक केली आणि पास झाल्या. काकीने पेपर घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, "हातान काय करूक सांगा, करून दाखयतंय." शेवटी तिची तोंडी घेतली, सर दुभाष्या, आणि एका प्रश्नाला तिने उत्तराऐवजी दोरी मागितली.

सर्टिफिकेट. आम्हाला पाठवणाऱ्या ऑफिसने यादी पाठवली होती त्यात मी 'श्री', सर 'श्रीमती', आणि काकीच्या नावापुढे वय छापलेलं तेही चुकीचं, सत्याऐंशी. दुरुस्त करायला नवीन अर्ज. दिवसाचा भत्ता मिळणार होता तो परत गेल्यावर खात्यात येईल म्हणाले होते, आज हे टाइप करेपर्यंत आलेला नाही.

निघताना अक्कांनी प्लास्टिकच्या पिशवीत फास बसवलेली दोरीची एक लांबी दिली. बी नाही दिलं. मागायचा मोह झाला होता, पण कुरुसडै आठवलं आणि सरनेही डोळे वटारले. परवानगी आणि तपासणीशिवाय न्यायचं नाही, बरोबरच आहे.

दिवस दहावा

परतीची गाडी. काकी खिडकीत बसून दोरीच्या फासात काहीबाही घालून बांधत होती, आधी रुमाल, मग केळ्याचं साल, मग समोरच्या बर्थवरच्या लहान मुलाचं बोट. करंगळीचं माप तिने बरोबर लक्षात ठेवलं होतं. पोरगं हसत होतं.

सरने गाडीतच हिशेब लिहिला: शेवाळ आपल्याकडे घ्यायचं तर नोव्हेंबर ते मे एवढंच, पावसात खाडीत गोडं पाणी आणि बाहेर उधाण, मग जूनमध्ये सगळं काढल्यावर ऑक्टोबरपर्यंत बी कुठे जिवंत ठेवायचं? टाकीत? वीजबिल कोण भरणार? शिनाण्यांचं बी खडपावरून आणायचं तर आपल्याकडच्या खडपांवर आधीच कोण काढतं? त्याने वर बघितलं. आम्ही सगळ्याच काढतो. आमच्याच आया-काक्या काढतात. मग कालवांचा मांडव वाढवायचा आणि त्याच्याच एका कोपऱ्यात शिनाण्यांच्या दहा दोऱ्या करून बघायच्या, शेवाळाचं नंतर, असं कारवार ते मडगावच्या मध्ये ठरलं. ठरलं म्हणजे काकी म्हणाली आणि बाकीच्यांनी नाही म्हटलं नाही.

ता. क.

हे लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहिलं. आज २८ एप्रिल. सकाळी इत्ताच्या सुनेचा व्हॉट्सअॅप आला, पडन्नाला काढणी सुरू झाली. दोन फोटो. पहिल्यात निळ्या चिंधीची दोरी, वरपासून खालपर्यंत मांडीएवढी जाड, शिनाण्यांनी गच्च. दुसऱ्यात लाल चिंधी, वरचा अर्धा भाग बरा, खाली नुसती दोरी आणि दोन गाठी. खाली इत्ताचा व्हॉइस मेसेज आहे, लांबलचक, मधलं काही कळत नाही पण शेवटी हसताना 'मदि' म्हणालेलं स्पष्ट ऐकू येतं.

काकीने तो सकाळपासून चार वेळा लावून घेतलाय.